खालून तिसरा खण

माझं अक्षर चांगलं, एवढंच माझं भांडवल.
महाद्वार रोडला साड्यांच्या दुकानात खतावणी लिहायचे,
तिथून निगवेकरांनी उचललं:
"पोरी, मालिकेत येतीस का? तोंड दाखवायचं न्हाई, लिहायचं."

मालिका 'टपालवाडी'. साल सत्त्याऐंशी.
मी लिहायचे कुणाची बाही कितपत दुमडलेली,
कपातला चहा कुठवर,
गंगावेशीत मधेच घुसलेल्या म्हशीच्या
कुठल्या शिंगाला बेंदराचा रंग उरलाय.
(डाव्या. हिरवा. दुसऱ्या दिवशी मालकानं
हौसेनं उजवंही रंगवून आणलं,
अख्खा प्रसंग पुन्हा.)

पोस्टमास्तर म्हणजे हेर्लेकर मास्तर.
चाळीस वर्षं नाटकात, आवाज असा
की शेवटच्या रांगेतलं रडतं पोर गप्प व्हावं.
चौथ्या भागापासून वाक्यं सांडायला लागली.
आधी आडनावं गेली, मग गावं,
मग एकदा 'पत्र' हा शब्दच शोधत उभे राहिले
हातात पत्र घेऊन.
तेव्हा त्याला कुणी आजार म्हणत नसे.

निगवेकरांनी माझ्याकडं बघितलं. मी जुनं कॅलेंडर फाडलं.
पाठकोऱ्या बाजूला, बोटाएवढ्या अक्षरात
एकेक वाक्य, गव्हाच्या खळीनं चिकटवलं
टपालाच्या खणांत, आतल्या अंगाला.
छत्तीस खण.
मास्तर पत्रं लावत लावत वाचायचे,
थांबून, डोळे बारीक करून.

पेपरात आलं:
हा पोस्टमास्तर प्रत्येक खणात
स्वतःचंच पत्र शोधतो आहे.
मी ते कात्रण कापलं, आणि खळीचं भांडं घासायला घेतलं.

सव्वीस भाग मंजूर होते. तेरावर थांबलो.
कथा तिथंच पुरी होत होती, असं सगळीकडं सांगितलं.
मीही सांगितलं. आईलासुद्धा.
आदल्या संध्याकाळी मास्तर घरी निघाले ते
रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून तिथंच बसलेले सापडले,
पायात पोस्टमास्तरच्या चपला.
म्हणून शेवटच्या दृश्यात, जिथं त्यांना बोलायचं काहीच नव्हतं,
डावीकडच्या रांगेत, खालून तिसऱ्या खणात
मी माझ्या मनानं एक चिठ्ठी लावली:
"मास्तर, संपलं. घर वेताळ तालमीपाशी.
रिक्षा दारात उभी आहे."
वाचून मास्तर हसले.
निगवेकर 'कट' म्हणायचं विसरले.

टेपा पुसल्या. महाग असायच्या,
पुढं त्यांच्यावर ऊसलावणीचं काहीतरी भरलं म्हणे.
उरला तेरावा भाग, तोही राजारामपुरीत कुणाच्या तरी
लग्नाच्या कॅसेटच्या शेपटाला:
अक्षता पडतात, पंगत बसते,
आणि जिलेबी वाढणाऱ्या हातातून एकदम मास्तर.

आता मोरेवाडीला नवी टपालवाडी उभी राहिलीय.
सानिका वडणगेकर, वय एकतीस, माझी वही मांडीवर घेऊन.
खण छत्तीसच, पण प्लायवूडचे, वॉर्निशचा वास नाकात.
म्हशीचं शिंग हिरवं करणार आहेत. डावंच. मुद्दाम.
पोस्टमास्तर मल्हार बेनाडीकर, केस रंगवून पिकवलेले.
ती कॅसेट त्यानं दोनशे वेळा बघितलीय.
विचारतो, "मावशी, खणात बघताना
त्यांच्या मनात काय असायचं?"
म्हटलं, "ते त्यांनाच ठाऊक."
अगदीच खोटं नव्हतं ते.

शेवटचं दृश्य. पोरगा खणामागून खण बघत जातो,
ते थांबायचे तिथं थांबतो,
वाक्यं सगळी पाठ, तरी कोऱ्या फळ्या वाचतो.
घरून कॅलेंडरचा तुकडा आणला होता मी.
पर्समध्येच राहू दिला.
डावी रांग.
खालून तिसरा.
पोरगा हसला.

वही माझ्याकडं आलीय. पेन सानिकाचं.
अक्षर आता थरथरतं, पण वाचता येतं:
दृश्य अठ्ठेचाळीस. नजर बरोबर. हसू बरोबर.
चपला नव्या दिसतात.
उद्या झिजलेल्या आणा.