काळी चिठ्ठी

आमच्या दवाखान्यात खाटा चार.
चौथीचा पाय हलतो, म्हणून त्याखाली
जुनी टेलिफोन डिरेक्टरी सरकवलेली आहे.
अख्खं गाव तिच्यात दीड पानात मावतं.

जहाजावर माणसं बाराशे अठ्ठावन्न.
हा हिशेब माझा नाही,
कंपनीच्या टॉर्बेननं मांडला,
शाळेच्या भिंतीवर, उजेडाच्या चौकोनात.
आधी चढत जाणारे निळे खांब,
पहिल्या वर्षी एक जहाज, यंदा पाच.
परदेशी नवे मार्ग, नवी बंदरं.
ग्रीनलंडवर एक टिंब होतं,
ते टिंब म्हणजे आम्ही,
हे आम्हाला त्या भिंतीवरच कळलं.

मग काजळी अडवणारी चाळणी.
मग तीनदा गाळलेलं सांडपाणी.
"पिऊन दाखवीन," तो म्हणाला
आणि समोरच्या पेल्यातला घोट घेतला.
पाणी आमच्याच नळाचं होतं.

मग, व्हेल दिसला की वेग दहा नॉट.
मागच्या बाकावरून पाविआ उठला,
ज्यानं मारलेले नारव्हाल कधी मोजले नाहीत.
"दिसला की? त्यानं तर तुम्हाला कधीच ऐकलेलं असतं.
मी कयाकच्या काठाला वल्हं लागू देत नाही,
खोकला आला तर गिळतो.
तुमचं जहाज पाण्याखाली किती मोठ्यानं बोलतं?"
टॉर्बेननं वहीत लिहून घेतलं.
माणूस चांगला होता. सगळं लिहून घ्यायचा.

ऑगस्टात सराव.
जहाज आपटलंय असं समजायचं,
ज्या खडकाला त्यांच्या नकाशात नाव नाही
आणि आम्ही म्हातारीची दाढ म्हणतो, त्यावर.
केशरी होड्यांतून साठ खलाशी आले,
सोबत दोनशे नवी कोरी ब्लँकेटं,
गावाला भेट.
ज्याच्या त्याच्या गळ्यात चिठ्ठी.
हिरव्यांना सूप.
पिवळ्यांना शाळेतल्या चटया.
लाल अकरा.
खाटा चार.
हेलिकॉप्टर धुक्यापलीकडे अडकलेलं,
आणि धुकं काही सरावातलं नव्हतं.

एकाची चिठ्ठी काळी.
रोडेल, इलोइलोचा, केबिनमधल्या चादरी बदलणारा.
मेलेल्याला काम एकच, पडून राहायचं.
व्यायामशाळेच्या कोपऱ्यात, चढायच्या दोराखाली
तो आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरू लागला.
सगळे हसले.
मी त्याचे मोजे बघत होते.
टाचा उरल्याच नव्हत्या.

अंगावर ब्लँकेट टाकलं
आणि अकरा लालांकडे वळले.
कुणाला जमिनीवर ठेवायचं, हे ठरवताना
खोटंखोटंसुद्धा माझा हात थरथरला.
साखरेच्या पाण्याचं रक्त लावलेली एक पोरगी
मलाच धीर देत होती.

तीन तास दहा मिनिटांनी शिट्टी झाली.
जखमी टाळ्या वाजवत उठले,
एकमेकांचे फोटो काढू लागले.
तो उठला नाही.
खांदा हलवला तर डोळे मिटूनच म्हणाला,
"मॅडम, अजून थोडा वेळ मेलेलाच राहू?"
मी नियमांची पुस्तिका उघडून पाहिली.
त्यात कुठे मनाई नव्हती.

अहवाल डिसेंबरात आला, गुळगुळीत कागदाचा.
सूर्य जाऊन महिना झालेला,
खाडी गोठलेली, जहाजं उन्हाच्या समुद्रात.
पान सत्तेचाळीस,
"स्थानिकांच्या सहकार्याने सराव यशस्वी."
फोटोत माझी पाठ,
आणि कडेला कापला गेलेला एक मोजा.
पाविआच्या प्रश्नालाही उत्तर आलं होतं,
अभ्यास चालू आहे.
त्यानं ते दोनदा वाचलं, घडी घातली,
आणि पाइप पेटवायला बाहेर गेला.

अहवाल चांगला जाड आहे,
चौथ्या खाटेच्या पायाखाली नेमका बसेल.
पण डिरेक्टरी काढवत नाही,
दीड पानातली निम्मी माणसं आता तिथेच राहतात.

काल ब्लँकेटं मोजली. एकशे नव्व्याण्णव.
एक कुठल्या समुद्रावर आहे ते मला ठाऊक आहे.
रजिस्टरात मी दोनशे लिहिलं.