ताळा

बेलफास्टच्या त्या ऑफिसात एकोणतीस वर्षं
दोघी समोरासमोर बसून दस्त ताडून पाहत आल्या.
ओर्ला मूळ प्रत वाचणार, मोठ्याने;
हेझल नकलेवर बोट सरकवणार.
“सदरहू मिळकत, उत्तरेकडील भिंतीसह,
लिहून घेणार यांचे ताब्यात.”
स्वल्पविरामाला ओर्ला टेबलावर एक टिचकी मारी,
पूर्णविरामाला दोन.
जिन्यावरून जाणाऱ्याला वाटे
आत कोणी मंद चालणारं घड्याळ दुरुस्त करतंय.

हेझल मागच्या हिवाळ्यात गेली.
तिच्या खुर्चीवर कोणी नेमलं नाही.
टेबलावर एक पडदा आला, आणि कॉर्मॅक,
तेवीस वर्षांचा, पडद्याला प्लीज म्हणणारा.

तळघरातली चौसष्ट खोकी त्याने वर आणली,
गुलाबी फिती सोडल्या, पानं स्कॅन केली.
त्यातच दोन आठवडे गेले.
वाचायला मात्र यंत्राला
किटलीला उकळी फुटण्याइतकाही वेळ लागला नाही.

इथे तासाचे दहा तुकडे करतात,
सहा-सहा मिनिटांचे,
आणि एकेक तुकडा अशिलाच्या नावे मांडतात.
हॅल्पिनसाहेब बिलाचा कागद घेऊन आले.
दोन मिनिटं, चाळीस सेकंद.
पहिला तुकडासुद्धा पुरता भरेना.
ते काही बोलले नाहीत.
खिडकी उघडली, बाहेर पाहिलं, परत लावली.

पडद्यावर करड्या अक्षरांत कालबाह्य कलमं.
लॅगनकाठच्या हिरवळीवर, सोमवारी व गुरुवारी,
विधवा सेरा मॅकिल्रॉय व तिचे वारस यांना
लिननचे तागे वाळत घालण्याचा हक्क, सूर्यास्तापर्यंत.
ओर्लाला हे पाठ आहे.
सूर्यास्तापर्यंत, आणि दोन टिचक्या.
त्या हिरवळीवर आता गाड्या लागतात. करडं तर करडं.

मग तांबड्यात एकच ओळ.
अठ्ठ्याण्णव सालचा भाडेपट्टा, कोपऱ्यावरचं पावाचं दुकान.
मुळात: भाडेकरूस काढता येणार नाही.
नकलेत: भाडेकरूस काढता येणार.
खाली ताळा केल्याच्या सह्या. दोन.

ध चा मा व्हायला दर वेळी कारस्थान लागत नाही.
ती तारीख बघते. गुड फ्रायडेच्या आदला दिवस.
रेडिओ चालू होता. सगळं शहर
कानात प्राण आणून बसलेलं:
समझोता होणार, नाही, होणार, नाही,
मध्यरात्रीपर्यंत सांगता येत नाही.
हेझलचा भाऊ पोलिसात, ओर्लाचा तुरुंगात,
आणि त्या दुपारी पहिल्यांदाच हेझलने विचारलं,
“झालंच तर तुझा सुटेल का गं?”
टिचकी मारायची राहिली असेल.
बोट पुढे सरकलं असेल.

पाच वर्षांनी दुकान मोकळं करून घेतलं.
टीग मकगर्क याच काउंटरवर टोपी काढून उभा होता.
“कागदात असेल तसं,” म्हणाला,
आणि जाताना पावाची एक पिशवी ठेवून गेला.
तिने तो पाव खाल्ला होता. अजून चव आठवते.

कॉर्मॅक पडद्यावरचं वाचून दाखवतो:
मुदत संपली. जोखीम नगण्य. दुर्लक्ष करता येईल.
त्याचा आवाज जपून, आजाऱ्याशी बोलावा तसा.
“करू का दुर्लक्ष?”

ती चष्मा पुसते, पुन्हा पुसते.
हेझलची खुर्ची ओढते.
“बस इथे,” म्हणते. “नकलेवर बोट ठेव.
नाही, पडद्यावर नको. कागदावर.”
आणि वाचायला लागते, पहिल्या ओळीपासून,
भिंती, गटार, भट्टीचं धुराडं,
एकेका स्वल्पविरामाला टिचकी.
एका जागी कॉर्मॅकचं बोट
ओळीच्या टोकाशी थांबतं, पुढे काही सापडेना.
ती थांबून राहते.

संध्याकाळी वेळेच्या वहीत ती दोन तुकडे मांडते.
अशील: टी. मकगर्क, मयत.
काम: वाचन.
रकमेचा रकाना कोराच.
बाहेर कॉर्मॅक दिवे घालवतो,
आणि केराच्या टोपलीतली एक गुलाबी फीत
काढून, का कोण जाणे, खिशात घालतो.