पाऊणकी

बिस्किटांच्या डब्यातून आल्या त्या वह्या.
बर्कनहेडहून एक वाकलेली बाई घेऊन आली,
म्हणाली, आईच्या आहेत, मी आता लहान घरात जातेय,
डबा मात्र परत हवा.
मी पावती लिहिली. डबा पुसून परत दिला.

मेबल थ्रेलफॉल. सत्तावीस ते चौतीस साल,
नदीपलीकडच्या टेकडीवर, भरती-ओहोटीच्या कचेरीत.
पितळी यंत्राची मूठ एक साहेब फिरवायचे,
चाकं, कप्प्या, तार,
आणि यंत्र सांगेल ते उतरवायला, तपासायला,
पुन्हा तपासायला सहा मुली,
बोटं कापलेले हातमोजे घालून.
फोटो आहे आमच्याकडे.
पुरुषांची नावं खाली छापलीत, डावीकडून उजवीकडे.
मुलींखाली : कर्मचारी.

तिसऱ्या वहीत मला माझं गाव सापडलं.
म्हणजे गाव नव्हे, शेजारचं बंदर,
स्पेलिंग चुकलेलं,
आणि समासात पेन्सिलीनं, बारीक :
सात मिनिटं उशीर दाखवतंय. मी बोलले.
म्हणाले, तिकडे सात मिनिटांनी कुणाचं काय अडतं?

मला माहीत होतं कुणाचं अडतं.
शेवंतामावशी कालवं काढायला जायची,
मागे बारा बायका, हातात कोयते,
पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या खडकांवर.
शाळा दोन यत्ता, पण पाऊणकी तोंडपाठ.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ :
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा,
एकादशीला सव्वाआठ.
एकदा टोपल्या अर्ध्या असतानाच
तिनं सगळ्यांना शिव्या घालत वर हाकललं.
बायका चिडल्या. वर येऊन मागे वळल्या
तर खडक नव्हता.
याची नोंद कुठेही नाही. मावशीला वही नव्हती.
मेबलनं ते सात लिहिलं तेव्हा तर
मावशीही नव्हती, तिची आई असेल त्या खडकावर.

पुढच्या वर्षीचं छापील कोष्टक मी मागवून पाहिलं.
सात मिनिटं दुरुस्त.
प्रस्तावनेत आभार : बंदरखात्याचे, मुद्रकाचे,
कागद वेळेत पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचे.

चौतीस साली हजेरीपटावर एकच ओळ :
लग्न झाल्याने नोकरी समाप्त.

पण वह्या थांबत नाहीत.
अंडी, कोळसा, बुटांचे तळवे, गॅसचं बिल,
आणि पानाच्या कडेला रोज
न्यू ब्राइटनच्या भिंतीवर पाणी किती वाजता, किती फूट.
एकतीस वर्षं.
एक दिवस कोरा आहे.
दुसऱ्या दिवशी : मुलगी झाली. पाणी, नर्स म्हणते, खूप वर होतं.
नर्सवर विश्वास नसावा, पुढे प्रश्नचिन्ह आहे.

संग्रहपाल म्हणाले, मार्चच्या प्रदर्शनासाठी
चाळीस शब्द द्या.
'पहिली महिला' असं काही बसलं तर उत्तम.
मी तीन दिवस शोधलं.
मेबल कशातच पहिली नव्हती.
ती बरोबर होती.
हे फलकावर कसं लिहायचं ते मला अजून जमलेलं नाही.

आज पंचमी. दुपारी डबा न खाता
बोटीनं नदी ओलांडून त्या भिंतीपाशी गेले.
पाचाची पाऊणकी पावणेचार.
वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं, आलं.
मर्सी तीन वाजून सतरा मिनिटांनीच टेकली,
मळकी, चहासारखी, आणि थांबली.
अठ्ठावीस मिनिटांचा फरक.
इतक्यात तर बारा बायका बुडाल्या असत्या,
पण मावशी इथे असती
तर चार दिवसांत तिनं हिशेब लावला असता
आणि या नदीलाही एखादी शिवी दिली असती.

पेन्सिल आणली होती.
शेवटच्या वहीत शेवटची आठ पानं कोरी आहेत.
संग्रहालयाच्या वस्तूवर लिहायचं नसतं,
हा नियम मीच नव्या मुलांना शिकवते.

तिकिटाच्या मागे लिहिलं. खिशात ठेवलं.