दीड इंच

पाचकंदीलला टीव्हीच्या दुकानापुढे ही गर्दी.
खो-खोच्या पोरी झेंड्यामागून मैदानात येत होत्या,
तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर फोटो मोठा केला
आणि कॉलरच्या आतली पट्टी वाचली.
पांढऱ्या पट्टीवर
दुसऱ्याच देशाचं नाव.

संध्याकाळपर्यंत धुळ्यात सगळ्यांनाच कापड कळायला लागलं.
पानवाला विणीबद्दल बोलत होता.
आगळे वकील म्हणाले,
"कापूस आपला, घाम आपला, आणि सदरा त्यांचा?"
दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा कॅमेऱ्यापुढे.

मला पटलं त्यांचं. खोटं कशाला सांगू.
माझा बाप गिरणीत फोल्डिंग खात्यात होता.
ताग्यावर शिक्का मारता मारता
ओली शाई त्याच्या कोपराखाली लागायची.
अंघोळ करून जेवायला बसला तरी
हातावर धुळे वाचता यायचं,
उलटं.

दुसऱ्या दिवशी पोरं दुकानात आली.
मोर्चा आहे काका, दीडशे टी-शर्ट, निळे,
छातीवर 'स्वदेशी', परवा सकाळी पाहिजेत.
मी म्हटलं, कापड सुरतेचं येईल.
चालेल.
सूत कुठलं ते सुरतवाल्यालाही सांगता यायचं नाही.
चालेल.
ही ओव्हरलॉक जपानची आहे, बाबांनो.
काका, तुम्ही फक्त लवकर करा.

शेजारचा शकूर अन्सारी दारात उभा राहून हसत होता.
त्याच्या मागावरची लुंगी
मद्रासचं लेबल लावून विकली जाते,
बावीस वर्षं झाली.
एकदाही मोर्चा निघाला नाही, म्हणाला.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
ती पट्टी मी आधीच पाहिली होती.

महिन्यापूर्वी, शटर अर्धं खाली आलं असताना
रमिला वसावे वाकून आत आली.
मोलगीकडची. इथं वसतिगृहात राहते.
पिशवीत देशाचा गणवेश, घडीही न मोडलेला.
"सगळ्यांना एकच माप आलंय काका.
खांबाला वळताना बगलेत अडकतो."
घालून दाखवला.
खांदे दंडावर उतरलेले, पाठीत हवा भरलेली,
कुणा दुसऱ्याच पोरीसाठी बेतलेला.
मी टाचण्या लावल्या. दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच.
कॉलर उलटी केली तेव्हा ते नाव दिसलं.
तिलाही दिसलं असणार.
"हे टोचतं," एवढंच म्हणाली.
काढू का, विचारलं.
"नको. साहेब रागावतील."
मग जरा थांबून,
"पळता येईल ना?"

वीस रुपये घेतले मी.
आता वाटतं, घ्यायला नको होते.
पण घेतले.

म्हणून त्या दिवशी गर्दी कॉलरकडे बघत होती
आणि मी बगलेकडे.
रमिलानं सूर मारला,
छातीवर घसरत गेली, हात लांब,
समोरचीच्या टाचेला बोटं लागली.
लोक ओरडले. आदल्या मिनिटापर्यंत
गणवेशाला शिव्या देणारेही ओरडले.
मी ओरडलो नाही.
शिवण धरली का ते बघत होतो.
धरली.

मोर्चा दुकानावरून गेला तेव्हा
ऊन रणरणत होतं. घामानं रंग सुटला,
पोरांच्या माना निळ्या झालेल्या.
आगळे वकिलांनी हात केला.
साठ शर्टांचे पैसे अजून यायचे आहेत.
कुणाकडे मागायचे तेही नीटसं ठरलेलं नाही.

तिच्या गणवेशातून कापलेल्या दोन चिंध्या
गल्ल्यात ठेवल्या होत्या. का, ते ठाऊक नाही.
बायको म्हणाली, हाई काय गोया करी ठेयेल शे?
मी काही बोललो नाही.
काल मशीनचं तेल पुसायला
त्यातली एक काढली.
तेल नुसतं पसरतं.
सुती नाही ना ती.