मंगळवारी, ओहोटीनंतर

आचाओच्या ग्रंथालयात आमचा वर्ग घड्याळावर भरत नाही.
पाणी उतरतं, तिसऱ्या वेचून होतात,
मग दाराशी गमबूट काढून येतात सगळे;
शेगडीपुढे मोज्यांतून वाफ निघते.
चिलीच्या खालच्या टोकाकडचं बेट. कॉम्प्युटर सहा, त्यातला एक आजारी.
शिकणारे पाच. वयांची बेरीज तीनशे सत्तर.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "घाबरू नका, मोडत नाही काही."
दहा मिनिटांत एदुविहिसनं
अख्खा पडदा आडवा करून ठेवला
आणि मान वाकडी करून वाचत बसली, तक्रार न करता.
तिला वाटलं, हे असंच असतं.

"दोनदा टिचकी मारा," मी सांगते.
ती एक मारते. थांबते. विचार करते. मग दुसरी.
तेवढ्यात पलीकडच्या किनाऱ्याची बोट सुटून जाईल.
"भरभर हो, दारावर टकटक करता तशी."
"आमच्यात दार वाजवत नाहीत," ती म्हणते,
"फाटकातून हाक मारतात."
यावर काय बोलणार!
मी सेटिंगमध्ये शिरून
कॉम्प्युटरलाच सांगितलं, जरा धीर धर.

फिदेलिना पासवर्ड टाइप करते ती मोठ्यानं म्हणत.
सगळ्या वर्गाला पाठ झालंय आता
तिच्या पहिल्या प्रियकराचं नाव,
तो बुडाला ते साल,
आणि शेवटी उद्गारचिन्ह.
नवरा शेजारच्याच खुर्चीत. त्यालाही पाठ आहे.

"सगळं स्वीकारा," अशी चौकट येते
आणि इथं ओरोसिंबोचं घोडं अडतं.
सगळं म्हणजे काय काय?
मी म्हटलं, कुणी वाचत नाही हो ते.
त्यानं वाचलं. काचेवर बोट ठेवून, ओळ न ओळ,
सतरा पानं, दुपार कलेपर्यंत.
मग म्हणाला, "नाही."

नोलबेर्तो नुसताच बसायचा, शेगडीसाठी.
उजव्या हाताची दोन बोटं कधीकाळी दोराने नेलेली.
माउसकडे बघायचा, न मागता वाढलेल्या ताटाकडे बघावं तसा.
एका मंगळवारी म्हणाला, "यात समुद्र आहे का?"

मी नकाशा उघडला, आकाशातून दिसतो तो.
"नावं सांगू नकोस," म्हणाला, आणि उरलेल्या तीन बोटांनी
माउस धरला.
उजवीकडे ओढलं की आपण डावीकडे जातो,
हे समजवायला बाकीच्यांना दोन आठवडे लागले होते.
त्याला सांगावं लागलं नाही. सुकाणूचंही तेच.
लिंलिन गेलं, लिंग्वा गेलं,
कुठल्याशा खाडीच्या तोंडाशी तो थांबला.
हिरव्या पाण्यात पिवळा ठिपका, तांदळाएवढा.

"ही माझी."
तिचं नाव हट्टी. तीन हिवाळ्यांपूर्वी
फळी फळी करून चुलीत गेली; सगळ्या गावाला माहीत आहे.
मी तोंड उघडलं,
उपग्रह, फोटो, जुना असतो कधीकधी,
आणि मिटलं.
"परत इथं यायचं कसं?" त्यानं विचारलं.
मी तारा दाखवला: यावर एकदा टिचकी, जागा राहते लक्षात.

ताऱ्याला त्यानं आजवर हात लावलेला नाही.
दर मंगळवारी आचाओच्या धक्क्यापासून निघतो,
इंच इंच ओढत, खडक टाळून, लांबच्या वाटेनं.
नवा फोटो येईल कधीतरी, वरून, न विचारता.
ते बटण माझ्याकडे नाही.

परवा राहवलं नाही, म्हटलं,
"सरळ ओढा ना, चित्रच आहे,
आपटणार थोडंच!"
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
एदुविहिसच्या दोन टिचक्यांच्या मधे
मी तिच्याकडे बघते, अगदी तसं.