छातीभर

एकतीस वर्षं मी पाणी मोजलं,
पाण्यात उतरलो नाही.

पाटकरी होतो. पाळीवर उभं राहून
तुडमाची चावी फिरवायची,
वहीत लिहायचं : आज इतके फूट, इतके इंच.
चपला कोरड्या.

आता छातीत जाळीची एक नळी आहे,
पेनातल्या स्प्रिंगएवढी.
नागपूरच्या डॉक्टरनं कागदावर रेघ ओढून दाखवलं,
इथं गाद साचली होती.
मला लगेच कळलं. तिसऱ्या मायनरचं
दर उन्हाळ्यात हेच असायचं.

चाला, म्हणाला.
गुडघे नाही म्हणाले.
मग पाण्यात चाला, छातीपर्यंत,
दम लागू द्या, पण बोलता आलं पाहिजे.

सारजा दिघोरे हसली.
तिचा सगळा जन्म या तलावात शिंगाडे काढण्यात गेला.
'आमाले थे काम होतं बाबू,
तुमाले डाक्टरानं लिवून देलन का?'
मग ओच्यातून स्वतःची बीपीची गोळी काढून दाखवली
आणि माझ्याआधी उतरली.
बिनमजुरीचं पाणी तिलाही नवीनच.

श्रावण पुस्तोडे येतो, त्याला ऐकू कमी येतं.
अनसूया कापगते लुगडं खोचून येते,
दोन दिवस आली की चार दिवस येत नाही.
पाळीवर आशाताई, हातात घड्याळ.
देवधानाच्या काठाकाठानं आम्ही जातो, येतो.
घरी जिना चढताना जे शरीर ओढावं लागतं
ते इथं कुणीतरी दुसऱ्या टोकानं धरलेलं असतं.
दाडक्या पोटऱ्यांना टोचतात.
नाडी मोजताना श्रावण आकडे मोठ्यानं म्हणतो,
पाणकोंबड्या उडतात.

फेब्रुवारीत उन्हाळी धानाला पाणी सुटलं.
नवा पाटकरी चावी फिरवतो
आणि माझी छाती दोन बोटं उघडी पडते.
रोज दोन बोटं.
छातीभर पाण्यासाठी रोज थोडं आत जावं लागतं,
मी कधी पाहिला नव्हता त्या मधल्या तलावात.

'बाबू, मासोळीपुरतं ठेवजा,' सारजा म्हणायची,
दर साली, याच दिवसांत, पाळीखाली उभी राहून.
मी वहीत बघायचो.

आज मीच नव्या पोराला हाक मारली.
त्यानं वहीत बघितलं.

सारजा काही बोलली नाही.
पाण्याखालीच माझं मनगट धरलं,
बोट नाडीवर नव्हतंच, जरा बाजूला होतं,
तरी मोजत राहिली.
'चला,' म्हणाली, 'अजून दोन फेऱ्या रायल्या.'