पावत्या

एप्रिल लागला की नागपुरात माझी किंमत वाढते.
गड्डीगोदामला, पुलाच्या अलीकडे, माझं दुकान:
जळके पंप, गंजल्या जाळ्या, वाळ्याचे गठ्ठे.
त्या दिवशी फोन आला तबीथाबाईंचा.
"चर्चचे चारही कूलर बंद हायेत, शांतवन.
परवा ईस्टर. लेकरं उकडून निघतील."
अकरा वर्षांबद्दल अवाक्षर नाही.
मी म्हटलं, पाहतो. बिल होईल पण.
"होऊ दे नं," त्या म्हणाल्या.

अकरा वर्षं त्या फाटकावरून जाताना
मी गाडीचा वेग वाढवत असे.
प्रबोध कन्हानच्या डोहात सापडला तेव्हा
पाळक म्हणाले, देवाची इच्छा.
तेव्हाचे पाळक. नंतर त्यांची बदली झाली चांद्याला.
मी ऐकून घेतलं, मूठभर माती टाकली,
आणि मंडळीकडे पाठ केली.
सुहासिनी काही महिने एकटी जात राहिली,
मग तीही थांबली.
घरात पवित्र शास्त्र कपाटावर,
शास्त्रावर स्टॅबिलायझर.

शनिवारी अवजारांची पेटी घेऊन आत गेलो.
भिंतींना नवा पिवळा रंग, जरा चुकलेलाच.
बाकांना मात्र तोच वास:
वार्निश, जुनी गीतपुस्तकं,
पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी केसांचं खोबरेल.
जुना वाळा उपसला. टाकीतला गाळ काढला.
तिसऱ्या कूलरच्या जाळीत
झावळीचा छोटा क्रूस होता, कुणा पोरानं खोचलेला,
वाळून करकरीत.
काढला. हातात धरला थोडा वेळ.
परत खोचला.
हवा काही अडत नव्हती त्यानं.

बिल लिहिलं. वाळा, दोन पंप, एक कंडेन्सर, मजुरी:
दोन हजार तीनशे पन्नास.
तबीथाबाईंनी दोरीचा चष्मा लावून
एकेक ओळ वाचली, पैसे मोजले,
मग पिशवीतून रबरबँड लावलेला गठ्ठा काढला.
"हे पण ने. तुयंच हाये."

पिवळ्या पावत्या.
शांतवन योसेफ रंगारी. सभासद वर्गणी. रुपये वीस.
जून. जुलै. ऑगस्ट.
पुढचं साल. त्याच्या पुढचं.
कोरोनाच्या काळात पावतीपुस्तक नव्हतं तर
वहीचे फाडलेले कागद, निळी शाई, सही.
"वर्गणी नाही भरली का नाव कटते.
नियम हाये. नियम काही माया हातात नाही.
मंग भरत गेली."
मिशन दवाखान्यातली निवृत्त नर्स,
तिचं पेन्शन ते केवढं.
काहून पण, बाई?
"जागा धरून ठेवली रे.
बसमधी रुमाल टाकते ना मानूस, तशी."

मी गठ्ठा मोजला नाही.
मोजत बसलो असतो तर हिशेब जमला नसता.
बिल फाडावं असं वाटलं,
पण त्यांनी हात धरला. "मजुरी घ्यावाच लागते."
प्रबोधबद्दल कुणी काही समजावलं नाही मला.
बरं झालं.
समजावलं असतं तर मी पुन्हा गाडीचा वेग वाढवला असता.

रात्री सुहासिनीला पावत्या दिल्या.
तिनं एकेक पाहिली, दिव्याखाली, अगदी शेवटपर्यंत.
मग स्टूल घेतलं
आणि कपाटावरचा स्टॅबिलायझर खाली उतरवला.

रविवारी चारही पंखे सुरू झाले,
वाळ्याचा ओला वास बाकांवरून पसरत गेला.
म्हाताऱ्या एलीयामामांनी मागे वळून पाहिलं
आणि नुसते सरकले, एका माणसापुरते.
मग आणखी थोडे, सुहासिनीसाठी.
गीत सुरू झालं. पहिलं कडवं मला येत होतं,
दुसरं येत नव्हतं.
तिसरा कूलर ठिबकत होता, टप, टप, फरशीवर.
म्हटलं, बसावं शेवटपर्यंत.
कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.